चारला निघा, चारला पोचा

काका दोन घड्याळं घालायचे आणि वेळ मला विचारायचे.

डाव्या मनगटावर हेलसिंकीची वेळ, उजव्या मनगटावर स्टॉकहोमची. दोन्ही घड्याळं एकाच दुकानातली, एकाच बनावटीची, पट्टेसुद्धा एकाच रंगाचे. सिंगापूरच्या वेळेसाठी हात उरला नव्हता, आणि फोन बॅगेच्या तळाशी असायचा. म्हणून सकाळी कंपनीच्या बसमध्ये शेजारून प्रश्न यायचा, "किती वाजले गं?" मी इंग्रजी शाळेतली. 'पावणेसात' म्हणायला मला क्षणभर थांबावं लागायचं. तेवढ्यात ते दोन्ही मनगटं समोर धरून बघायचे आणि म्हणायचे, "झोपली असतील दोघं."

बस आम्ही राहायचो त्या सेंगकांगहून जुरोंग आयलंडला जायची. तिथल्या एका रासायनिक प्लांटच्या विस्ताराचं काम चालू होतं. काका त्यात पाइपिंगचे सगळ्यात जुने इंजिनियर होते, मी पुण्याहून नुकतीच आलेली ज्युनियर. हे दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराचं. पहिल्या दिवशी मी त्यांना 'सर' म्हटलं, तर म्हणाले, "सर ऑफिसात. बसमध्ये काका." एवढी बस रिकामी असताना ते माझ्याच शेजारी का बसतात, हे मी विचारलं नव्हतं, पण त्यांनीच एकदा सांगितलं, "तू बोलत नाहीस, म्हणून." मी बोलत नाही हे आजवर सगळ्यांनी तक्रार म्हणूनच सांगितलं होतं. गुण म्हणून सांगणारे ते पहिलेच.

त्यांची मुलगी हेलसिंकीला होती, मुलगा स्टॉकहोमला. त्यांची नावं काका घेत नसत. "काल हेलसिंकीचा घसा बसला होता," किंवा "स्टॉकहोमनं नवं घर बघितलंय," असं म्हणायचे. पहिला आठवडाभर मला वाटलं होतं की ही आमच्या कंपनीची ऑफिसं आहेत.

त्या दोन शहरांत ते कधी गेले नव्हते, पण त्यांच्यामधलं आकाश त्यांना पाठ होतं. अंतर सुमारे चारशे किलोमीटर, म्हणजे नाशिकहून नागपूरसुद्धा त्याहून लांब. विमानाला साधारण तास. मधे समुद्र, आणि स्टॉकहोमकडून समुद्रात सांडल्यासारखी हजारो बेटं. हेलसिंकीचं घड्याळ एक तास पुढं. म्हणजे हेलसिंकीहून चारला निघालेलं विमान स्टॉकहोमला पोचतं तेव्हा तिथं चारच वाजलेले असतात. "वेळच लागत नाही," ते म्हणायचे. "चारला निघा, चारला पोचा." हे ते सगळ्यांना सांगायचे. लिफ्टमधल्या शेजाऱ्यांना, कॅन्टीनमधल्या तमिळ सहकाऱ्याला, जुरोंग आयलंडच्या चेकपॉइंटवर पास बघणाऱ्या गार्डला. गार्ड म्हणायचा, "ओके अंकल, नेक्स्ट."

"आपली बस सेंगकांगहून इथं येते तोवर हेलसिंकी स्टॉकहोमच्या दारात उभी राहील," ते मला म्हणायचे. मग जरा थांबून, "स्टॉकहोमला उलट जायचं तर मात्र चारला निघून सहा वाजतात. त्याचे दोन तास जातात. आधी तिनं यावं असं त्याला वाटत असेल, तर त्यात अगदीच चूक नाही."

पण दोघांतलं कोणीच निघत नव्हतं. काकू गेल्यापासून बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. काकू सिंगापूरलाच वारल्या होत्या, मी इथं येण्याच्या बऱ्याच आधी.

एका रविवारी काकांनी मला जेवायला बोलावलं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायचे. पिठलं-भात केला होता, चांगला केला होता. जेवण झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातला अंड्याच्या आकाराचा टायमर टेबलावर आणून ठेवला, पिळला आणि हेलसिंकीला फोन लावला. जेवायला ऑफिसातली मुलगी आली आहे, पिठलं केलंय, पाऊस आहे, गुडघा कसा आहे, असं क्रमानं सांगितलं आणि विचारलं. मुलगी बर्फावर घसरून पडली होती. टायमर वाजला तसा त्यांनी निरोप घेतला, पुन्हा तेवढाच पिळला आणि स्टॉकहोमला लावला. ऑफिसातली मुलगी आली आहे, पिठलं केलंय, पाऊस आहे. तीच वाक्यं, त्याच क्रमानं. फोन स्पीकरवर होता. मुलगा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "तिकडं गुडघ्याचं काय झालं?" काकांनी सांगितलं. त्यानं एका व्यायामाचं नाव सांगितलं. पुढच्या रविवारी ते नाव हेलसिंकीला कळवलं गेलं, तेव्हा मुलगी म्हणाली म्हणे, "त्याला कशाला सांगितलंस?" पण व्यायाम करते आहे असं महिन्याभरानं बोलण्यातून आलं, आणि काकांनी ते स्टॉकहोमला पोचतं केलं.

पहिला फोन कोणाला, हे आठवड्यागणिक बदलायचं. भेटवस्तू दोघांना सारखी, एकाच दिवशी, टपालाच्या एकाच खिडकीतून. एकदा दोन स्वेटर पाठवले, एकाच मापाचे. मुलगी लहानखुरी आहे, स्वेटर तिला गुडघ्यापर्यंत आला. काका म्हणाले, "मोठा आला तर चालेल. वेगळा नको."

मी त्यांच्याकडून काम शिकले ते ऑफिसात कमी आणि बसमध्ये जास्त. दोन टाक्या अगदी शेजारीशेजारी असल्या तरी त्यांच्यात सरळ पाइप टाकत नाहीत, हे त्यांनी मला पाणी प्यायच्या दोन बाटल्या मांडीवर ठेवून समजावलं होतं. आत गरम द्रव वाहू लागला की पाइप लांब होतो. सरळ असेल तर तो दोन्हीकडं रेटा देतो आणि टाक्यांची तोंडं फुटतात. म्हणून मधे मुद्दाम वळसा घालायचा, चौकोनी, लांबलचक. त्याला लूप म्हणतात. सगळा ताण तो लूप सोसतो. पण त्याची किंमत असते. प्रत्येक वळणावर प्रवाहाचा जोर कमी होतो, आणि हिशेब करताना एकेक वळण म्हणजे इतके मीटर जास्तीचा सरळ पाइप असं धरावं लागतं. "नकाशावर दहा मीटर दिसतं," ते म्हणाले. "आतून जाणाऱ्याला विचार किती लांब आहे."

मग त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर तेच दिसत होतं, पाइपांचे थरावर थर आणि मधूनच वर उचललेले चौकोनी वळसे. "हेलसिंकीहून स्टॉकहोम चारशे," ते म्हणाले. "पण व्यायामाचं नाव सिंगापूरवरून गेलं. नऊ हजार यायला, नऊ हजार जायला."

खरं काय झालं होतं ते त्यांनी एका सकाळी सांगितलं. चेकपॉइंटवर कुणाचा तरी पास चालत नव्हता आणि बस अडकून पडली होती. मी काही विचारलं नव्हतं.

काकूंना शेवटी मशिनवर ठेवलं होतं. डॉक्टरांनी काकांना सांगितलं, आता यात सुधारणा नाही, ठेवायचं की काढायचं ते तुम्ही सांगा. दोन्ही मुलं आली होती. काकांनी त्यांना वेगवेगळं बाहेर बोलावून विचारलं. मुलगी म्हणाली, ठेवा. मुलगा म्हणाला, आईला आता सोडा.

"एकीचं हो, एकाचं नाही," काका म्हणाले. "मग मी दोघांना समोरासमोर बसवून म्हटलं, तुम्ही दोघं मिळून ठरवा."

"मग?"

"दोन दिवस भांडत होती. कॉरिडॉरमध्ये. मी ऐकत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी मुलं आंघोळीला घरी गेली तेव्हा मी डॉक्टरांना सांगितलं, काढा." त्यांनी डावं मनगट उजव्या हातानं झाकलं. "मुलीनं विचारलं, कोणी सांगितलं? मी म्हटलं, तुझ्या भावाचं म्हणणं तसं होतं. मुलाला म्हटलं, ताईनं फार विरोध केला. दोन्ही खरंच होतं."

बस सुटली. ड्रायव्हरनं आरशातून आमच्याकडं बघितलं आणि इंग्रजीत म्हणाला, आज अंकल गप्प का. काका त्याला म्हणाले, चारला निघा, चारला पोचा. इंग्रजीत.

त्यानंतर त्यांचा बेत मला कळत गेला. त्यांना ही गोष्ट मुलांना सांगायची होती, पण फोनवर नाही, कारण फोनवर एकाला आधी कळेल. मी म्हटलं, तिघं एकदम व्हिडिओ कॉलवर बोला. ते म्हणाले, "त्यातून उठून जाता येतं." म्हणून विमान. काकांनी हेलसिंकीला जायचं. मुलानं त्यांना न्यायला म्हणून तिथं यायचं, मुलीनं पोचवायला म्हणून सोबत निघायचं. त्या विमानांत एका बाजूला तीन सीटा असतात. मुलगी खिडकीत, मुलगा कडेला, काका मधे. पट्टे बांधलेले. "घोषणा संपेपर्यंत थोडा वेळ जाईल, उतरायच्या आधी थोडा. मधे अर्धा तास मिळतो. एवढं बोलायला अर्धा तास पुष्कळ." आणि उतरतील तेव्हा घड्याळात निघाले तेव्हाचीच वेळ असेल. या गोष्टीचा त्यांना फार आधार वाटायचा.

बसच्या शेवटच्या रांगेत सलग सीटा होत्या. एका सकाळी त्यांनी मला तिथं नेलं आणि खिडकीत बसवलं. कडेच्या सीटवर त्यांची बॅग ठेवली. स्वतः मधे बसले आणि सगळ्यांचे पट्टे लावले, बॅगेचासुद्धा.

"तू हेलसिंकी," ते म्हणाले. "ही स्टॉकहोम."

मला हसू आलं आणि मी ते दाबलं. त्यांनी घसा साफ केला. "आईचं मशिन काढायचं मी ठरवलं," एवढं वाक्य त्यांनी समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत म्हटलं. मग माझ्याकडं वळले, आणि बॅगेकडं पाठ झाली म्हणून लगेच बॅगेकडं वळले, आणि माझ्याकडं पाठ झाली म्हणून पुन्हा समोर बघू लागले. पुढचं वाक्य काही आलं नाही. "किती वाजले?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. आम्ही पोचलो होतो. अशा तालमी आम्ही बऱ्याच केल्या. पुढं वाक्य सरकलं नाही, पण पहिलं पाठ झालं. त्यांचं आणि माझंही.

मुलांनी होकार दिला नव्हता. मुलगी म्हणत होती, इथं ये, महिनाभर राहा, पण त्याला आणू नकोस. मुलगा म्हणत होता, बाबा ये ना, पण थेट ये, तिच्याकडून नको. काकांना वाटायचं, एकदा आपण तिथं पोचलो की वितळतील. आणि अडलं ते व्हिसावर. दोन्ही देशांना एकच व्हिसा चालतो, आणि नियम असा की जिथं जास्त दिवस राहणार त्या देशाच्या वकिलातीकडं अर्ज करायचा. दोन्हीकडं दिवस सारखेच असतील, तर जिथं आधी उतरणार तिथं. आता काका दोघांकडं सारखेच दिवस राहणार, यात बदल शक्यच नव्हता. म्हणजे आधी कुठं उतरणार ते ठरवणं आलं, आणि ते शिक्क्यासकट पासपोर्टवर राहणार.

मी फारशी सल्ले देणारी नाही, पण त्या दिवशी बोलले. "काका, आधी हेलसिंकीला उतरा. सिंगापूरहून थेट विमान तिथंच जातं. स्टॉकहोमला जायचा जवळचा रस्तासुद्धा तिथूनच आहे. यात कोणाला काय वाटायचंय?"

"भूगोलसुद्धा ताईच्याच बाजूनं, असं म्हणेल तो."

"मग आधी स्टॉकहोम."

"मग तिचं मत पुन्हा मोडलं, असं होईल."

थंडीत नको, बर्फ असतो, जूनमध्ये बघू, असं ठरलं. जूनमध्ये प्लांटचं काम तुंबलं. मग निवृत्ती जवळ आली. नोकरी संपली की इथं राहायचा पास संपतो, आणि तोवर अर्ज गेला नाही तर सगळं भारतात जाऊन पुन्हा सुरू करावं लागणार, हे मी त्यांना सांगितलं, ऑफिसनं सांगितलं. काका म्हणायचे, हो, या आठवड्यात ठरवतो. मला आता वाटतं की कोणी जबरदस्तीनं त्यांना विमानात बसवून दिलं असतं, तर ते जन्मभर त्याचे उपकार मानत राहिले असते.

एका सोमवारी ते बसस्टॉपवर नव्हते. ड्रायव्हर कधी कुणासाठी थांबायचा नाही, पण त्या दिवशी थांबला, आणि हॉर्नसुद्धा वाजवला. मग "व्हॉट टु डू, गो फर्स्ट लाह," म्हणत त्यानं बस काढली. दुपारी ऑफिसातून माणूस गेला तेव्हा दार आतून बंद होतं. झोपेतच गेले होते. अर्ज कुठंच केलेला नव्हता.

मुलं दोन वेगवेगळ्या विमानांनी आली. मुलगी थेट. मुलगा आखातातून वळसा घालून, कारण जवळचा रस्ता हेलसिंकीवरून होता. मराठी बोलणारी ओळखीची म्हणून ऑफिसनं मला त्यांच्यासोबत दिलं. दोघंही दिसायला काकांसारखी होती. एकमेकांच्या समोर आली की कपाळाला तीच आठी पडायची.

दहनाच्या दुसऱ्या दिवशी स्मशानात अस्थी घ्यायला गेलो. मुलीनं तिथल्या माणसाला इंग्रजीत सांगितलं की दोन कलश हवेत. मुलानं त्याला मान हलवून होकार दिला. एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालेलं मी बघितलं, आणि तेही त्या माणसामार्फत. तो म्हातारा चिनी माणूस होता. त्यानं फार सावकाश, थोडं इकडं थोडं तिकडं करत दोन्ही भरले, शेजारी ठेवून वाकून बघितले आणि आम्हाला विचारलं, "सेम-सेम. ओके?"

परतताना टॅक्सी केली. मुलगा पुढं बसायला गेला, पण त्या सीटवर ड्रायव्हरनं आपलं सामान ठेवलं होतं. मग तो एका दारातून आत आला, ती दुसऱ्या दारातून, आणि मधली जागा उरली. मी मधे बसले. दोघांच्या मांडीवर कलश होते. पट्टे बांधले. मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत मी म्हटलं, "काकांना तुम्हाला दोघांना एकदम सांगायचं होतं. आईचं मशिन काढायचं त्यांनी स्वतः ठरवलं होतं. तुमच्यापैकी कोणी नाही."

"मला माहीत आहे," मुलगी म्हणाली. माझ्याकडं बघून. "त्याच आठवड्यात कळलं होतं, हॉस्पिटलमध्ये. बाबा स्वतःहून कधी सांगतो याची वाट बघत होते."

"मलाही माहीत होतं," मुलगा खिडकीकडं बघत म्हणाला. "घरी आम्ही दोघंच आंघोळीला गेलो होतो. मग दुसरं कोण सांगणार? तो बोलेल म्हणून मीही थांबलो होतो."

आता यांच्यातलं कोणीतरी वळेल असं मला वाटलं. काकांनी एवढे दिवस ज्याची तालीम केली तो व्हॉल्व्ह उघडला होता.

"पण निर्णय कोणाचाही असो," मुलगी मला म्हणाली, "याचं म्हणणं काढा असंच होतं."

"आणि हिला वाटतं, मला आई नको होती," मुलगा मला म्हणाला.

दोघंही मलाच सांगत होते. कॉरिडॉरमध्ये ते जे एकमेकांना बोलले होते ते त्यांचंच होतं, त्यांनीच म्हटलेलं, आणि काकांनी विचारलं नसतं तर ते कधीच म्हटलं गेलं नसतं. ते परत घ्यायला कुणाचा कबुलीजबाब पुरणार नव्हता. ड्रायव्हरनं विचारलं, "विच ब्लॉक?" मी ब्लॉकचा नंबर सांगितला.

फ्लॅट आवरताना घड्याळं निघाली. मुलगा म्हणाला, तिला दे. मुलगी म्हणाली, त्याला दे. म्हणून दोन्ही माझ्याकडं राहिली. मुलगी थेट विमानानं गेली. मुलगा आला तसाच, आखातातून. काकांचा एक भाग हेलसिंकीला पोचला, एक स्टॉकहोमला. मधे चारशे किलोमीटर.

आता रविवारी मला मेसेज येतात. हेलसिंकीहून येतो, त्यानं अस्थी सोडल्या का, कुठं सोडल्या, सहज विचारून बघशील? मी विचारते. स्टॉकहोमहून उत्तर येतं, अजून नाही, घरीच आहेत, तिकडं काय केलं? मी तिकडं विचारते. तिकडंही घरीच आहेत. मी कळवते. मी एकदा मुलीला मुलाचा नंबर पाठवला होता. तिनं लिहिलं, आहे माझ्याकडे.

मागच्या महिन्यात स्टॉकहोमचं घड्याळ बंद पडलं. हेलसिंकीचं चालू होतं. घराखालच्या दुकानात मी दोन्ही ठेवली आणि दोन्हींचे सेल बदला म्हणून सांगितलं. दुकानदार म्हणाला, हे तर चालतंय, याचा कशाला बदलता. मी त्याला म्हटलं, दोन्हींचे बदला.